मोनालीचा रिपोर्ट

समुद्रपूर, २० नोव्हेंबर २०२४

रुपा,

वर आशीर्वाद लिहिला होता, खोडला. पान खराब दिसलं म्हणून नवं घेतलं. आता नुसतं नाव.

फोन तू बंद करून ठेवलास, माझ्यासाठीही आणि बाबांसाठीही, म्हणून चाकणला तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. हातात पडलं तर फाडू नकोस. मोनालीचा रिपोर्ट आला आहे. तू तिची आई आहेस.

सत्तावीस ऑक्टोबरला सकाळी मोनाली गेली, तू गाडीत होतीस, तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, खात्री करायला मेंदूचा नमुना घेऊ का. डोळ्याच्या कडेनं सुई घालतात, बाहेरून काही दिसत नाही. मी सही केली. तुला विचारायला थांबले नाही. तू आलीस तेव्हा तिच्या डोळ्यावर तो बारीक कापूस पाहून काय आहे विचारलंस, मी म्हटलं काही नाही. ते हे होतं.

रिपोर्ट इंग्रजीत आहे. तुला वाचून सांगते, शिकवते तसंच सांगते, मला दुसरी भाषा येत नाही. त्यात मेंदूतल्या दोन जागांची नावं आहेत. एक हिप्पोकॅम्पस, कानाच्या आतल्या अंगाला खोलवर वळलेला भाग. आज काय घडलं, कोण भेटलं, ते आधी तिथे रुजतं, मग आठवण होते. दुसरा लहान मेंदू, मानेच्या वर, मागे. तो तोल सांभाळतो, हात सरळ चालवतो. दोन्हीकडच्या पेशींमध्ये रेबीजच्या खुणा सापडल्या. म्हणजे डॉक्टर म्हणाले होते तेच खरं. पिसाळलेलं होतं ते पिल्लू.

हा विषाणू रक्तातून जात नाही. चावल्या जागेपासून मज्जातंतूंमधून वर चढतो, रोज थोडा थोडा. ताप नाही, दुखणं नाही, पोर खेळतं, जेवतं. मनगटापासून डोक्यापर्यंत यायला त्याला आठ आठवडे लागले. सुरुवातीलाच इंजेक्शनं मिळाली असती तर वाटेतच अडला असता. एकदा मेंदूत शिरला की जगात कुणाकडे औषध नाही.

आता बाबांबद्दल. तिसऱ्याच्या दिवशी तू अंगणात उभी राहून विचारलंस, "कोणाले माहीत होतं?" बाबा म्हणाले, "मले. पोरीनं मले सांगितलं होतं." त्यानंतर तू त्यांना जे बोललीस, मेल्यावरही तोंड पाहणार नाही म्हणालीस, ते सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं. तुझं बरोबर होतं. पण बाबांचं आयुष्य जंगलखात्याच्या रोपवनात मजुरीत गेलं. पिल्लाचा दात लागला तर त्यातून एवढं होतं हे त्यांना कुठून कळणार? अडाणी माणूस आहे. त्यांना माफ कर. एवढंच मागते.

रक्षा


समुद्रपूर, ११ डिसेंबर २०२४

रुपा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं असं धरते.

बाबा एकदाच जेवतात. अर्धी भाकर, तीही मी समोर बसले तर. दुपारी काठी घेऊन मोनालीला मातीत ठेवलं तिथे जाऊन बसतात आणि कुत्री आली की हाकलतात. परवा पडले, गुडघा सोलला. घरी माझ्याशी बोलत नाहीत असं नाही, पण आपल्याशीच बोलतात ते सगळं गोंडीतून. मी वसतिगृहात वाढले, माझी गोंडी तिथेच सुटली. तू त्यांच्याजवळ राहिलीस, तुला येते. तू असतीस तर ते काय म्हणतात ते तरी कळलं असतं. तुझं नाव मात्र मला ऐकू येतं.

शाळेत आठवीला मेंदूचा धडा अर्धा राहिला होता. काल घ्यायला उभी राहिले. मोठा मेंदू म्हणजे विचार, बोलणं, ओळख, इथपर्यंत आले. लहान मेंदूची आकृती काढली. तिसरा भाग सांगायच्या आधीच खडू ठेवला. मुलांना सगळं माहीत आहे.

जुलैमध्ये मी याच धड्यासाठी खाटकाकडून बोकडाचा भेजा डब्यात घालून आणला होता. मोनाली सहावीत, तिचा धडा नव्हता, तरी दाराशी येऊन उभी. मी तिला आत घेतलं. तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत तो धरला, चेहरा जराही वाकडा केला नाही. मी सांगत होते की बोकड, कुत्रा, गाय, माणूस, पिलांना दूध पाजणारा कुठलाही जीव घ्या, मेंदूची मांडणी तीच, आपला मोठा मेंदू तेवढा जास्त घड्या पडलेला. मोनालीनं विचारलं, "मंग बोकडाले बी भेव वाटते का, कापतानी?" मी म्हटलं, वाटतं, भीतीची जागा त्यालाही आहे. त्यानंतर महिनाभर तिनं मटण खाल्लं नाही. बाबा तिच्यासाठी वेगळं वरण करायला लावायचे.

मांडणी तीच असते म्हणूनच कुत्र्याचा रोग माणसात येतो. हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. धड्यात नव्हतं.

तुला हेही सांगायला हवं. एकवीस ऑक्टोबरला, सोमवारी, तिच्या वहीतलं अक्षर वाकडंतिकडं होतं. मी रागावले. ती म्हणाली, "मावशी, हाताले मुंग्या येऊन राह्यल्या." मी म्हटलं, बहाणे नको सांगू, पान पुन्हा लिही. तिनं मनगट खाजवत खाजवत पुन्हा लिहिलं. पूर्ण पान. ती सुरुवात होती. तेव्हा कळलं असतं तरी उशीर झालेला होता, डॉक्टरांनी मला तसं स्पष्ट सांगितलं. पण तिनं पान पूर्ण केलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

शनिवारी ते पिल्लू मेलं तेव्हाच कुणी शहाणं माणूस असतं तर समजलं असतं. बाबांनी सांगितलं म्हणून मला माहीत, शनिवार होता ते.

बाबांना एक फोन कर. बोलू नकोस, नुसता कर. ते उचलतील आणि तुझा श्वास ऐकतील, तेवढं त्यांना पुरेल.

रक्षा


समुद्रपूर, १४ जानेवारी २०२५

रुपा,

शनिवारचं मला बाबांनी सांगितलं नव्हतं. बाबांना मोनालीनं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं मला सांगितलं होतं.

आता लिहिते ते एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा होणार नाही.

अठ्ठावीस ऑगस्ट, बुधवार. शाळा सुटल्यावर ती घरी आली आणि उजवं मनगट माझ्यापुढे धरलं. एस.टी. स्टँडच्या मागे कुत्रीनं पिल्लं घातली होती, त्यातल्या एकाला ती रोज पोळीचा तुकडा द्यायची. त्या दिवशी त्यानं तुकडा सोडून हात धरला. दोन बारीक छिद्रं. रक्त आलेलं, सुकलेलं. मी दुसऱ्या दिवशी बदलीच्या सुनावणीला वर्ध्याला जायची होते, कागद लावत बसले होते. नळाखाली हात धुतला, हळद लावली. ती म्हणाली, "मावशी, इंजेक्शन घ्या लागते ना?" अकरा वर्षांची पोर मला म्हणाली. मी म्हटलं, "एवढंसं पिल्लू हाय, दात बी नसन आले त्याले. आईले फोनवर सांगजो नको, ते तिकडं उगाच काळजी करन." ती बरं म्हणाली.

मला विज्ञान येतं, रुपा. पिल्लालाही रेबीज होतो हे मला माहीत होतं. रक्त निघालं की नुसती लस पुरत नाही, जखमेतही इंजेक्शन द्यावं लागतं, हे मी दोन वर्षांपूर्वी शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं तक्ता करून लावलं आहे. तो अजून तिथे आहे.

शनिवारी ती शाळेतून रडत आली. पिल्लू मेलं होतं, तोंडाला फेस होता. मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. पायी दहा मिनिटांचा रस्ता. पोहोचलो तेव्हा बाहेरच्या रुग्णांची वेळ संपलेली होती. आत अपघात विभाग चालू असतो, एकाला विचारलं असतं तर त्यांनी लगेच घेतलं असतं. दवाखान्याची काही चूक नाही. मी आतच गेले नाही. आत गेले असते तर तीन दिवस काय करत होतात विचारलं असतं, आणि तिथल्या नर्सबाईंची मुलगी माझ्या वर्गात आहे. मी मोनालीला म्हटलं, सोमवारी येऊ.

सोमवारी पोळा. मंगळवारी तान्हा पोळा, ती बाबांनी केलेला लाकडी बैल सजवून मिरवत होती. मनगटावर खपली धरली होती. बुधवारी मी पाहिलं तर खपली पडत आलेली. मला वाटलं, बरं झालं. खरं तर धोका आहे असं मला वाटून घ्यायचं नव्हतं, म्हणून वाटलं नाही. एवढंच. दुसरं कारण मला शोधूनही सापडत नाही.

मग ऑक्टोबर. चोवीसला ताप. पंचवीसला वर्ध्याला नेलं, बाबाही सोबत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुत्रं चावलं होतं का?" मोनालीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाई." मीही गप्प. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे धरला. तिची मान मागे गेली, गळ्यातून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. तेव्हा मी म्हटलं, हो, चावलं होतं. बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं.

म्हणून तिसऱ्याच्या दिवशी तू विचारलंस आणि मी उभीच राहिले, तेव्हा ते बोलले. मी त्यांना बोलू दिलं. तू त्यांना ते सगळं बोललीस आणि मी हात बांधून उभी राहिले. नंतर तुला पत्र लिहून वर त्यांना अडाणी म्हटलं.

काल त्यांना सांगितलं, मी रुपाला खरं लिहिते. ते उठून बसले. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. तर म्हणाले, "नको लिहू. मी आज हाय, उद्या नाई. नवरा गेला, पोर गेली. तिले एक बहीण तं राहू दे."

मी म्हटलं, "बाबा, तुमचं काय?"

"माह्यं काय? मी तं बाप हावो. बापाले शिव्या दिल्या तं काय होते?"

मी त्यांचं ऐकत नाही. ते अंथरुणाला लागले आहेत. लघवीला उठवावं लागतं. तू मला जन्मभर तोंड दाखवू नकोस, पण त्यांच्याकडे ये.

रक्षा


समुद्रपूर, ९ फेब्रुवारी २०२५

रुपा,

बाबा चाकणला पोहोचल्याचा फोन शेजारच्या सुलोचनाबाईंच्या घरी आला, त्यांनी मला कुंपणावरून सांगितलं. माझ्याकडे करायचा नव्हता हे समजलं.

तू आलीस त्या दिवशी मी स्वयंपाकघरातच राहिले. तुझ्यासमोर यायची हिंमत नव्हती, आणि तूही माझ्या नावानं हाक मारली नाहीस. भिंतीपलीकडे तुम्ही दोघं बोलत होता, सगळं गोंडीतून. मला चार शब्दांतला एक कळत होता. पोर. पाणी. माती. मग तू रडलीस ते कळलं, त्याला भाषा लागत नाही. बाबा खूप वेळ बोलले. एवढं ते माझ्याशी वर्षात बोलले नसतील. नंतर तू त्यांची पेटी भरलीस. मी चहा ठेवला होता, दोन कप दारात आणून ठेवले. बाबांनी घेतला. तुझा तसाच राहिला.

स्टँडवर मी मागे मागे आले. बाबांना तू बसमध्ये बसवलंस, खाली उतरलीस, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. "शेवटी तिले शुद्ध होती का?"

मी म्हटलं, "नाई."

तू मान हलवलीस आणि चढलीस. तुझ्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. म्हणून आठवडाभर मी स्वतःला सांगत होते, हे एक खोटं राहू दे, हे तिच्या भल्याचं आहे. पण ऑगस्टमध्ये "आईले सांगजो नको" म्हटलं तेही मी तुझ्या भल्याचंच समजत होते. तुझ्या पोरीबद्दल तुला काय कळावं हे ठरवायचं काम मी आता करणार नाही.

तिला शुद्ध होती.

या रोगात मोठा मेंदू शेवटपर्यंत जागा राहू शकतो. झटका येतो तेव्हा माणूस माणसात नसतो, पण दोन झटक्यांच्या मध्ये सगळं कळतं, ओळखतो, बोलतो. सव्वीस ऑक्टोबरच्या शनिवारी दुपारी असे दीड-दोन तास मिळाले. वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. पंखा बंद, कारण वारा लागला तरी गळा आवळायचा. पडदे ओढलेले. मी तोंडाला मास्क, हातात मोजे घालून जवळ बसले होते. बाबा दाराबाहेर.

ती म्हणाली, "मावशी, पाणी पाहिलं का गळा आपोआप बंद होते. मी नाई करून राह्यली."

"मले माहीत हाय, बाई."

"मंग कोन करते?"

मी सांगितलं. काय करू, तिनं विचारलं तर मी नेहमी सांगत आले. म्हटलं, मेंदूच्या खाली, पाठीचा कणा जिथे सुरू होतो तिथे मस्तिष्कपुच्छ असतं. गिळणं, श्वास, छातीचे ठोके तिथून चालतात. आपण झोपलो तरी ते काम करतं. त्याला आजार झालाय.

"अन् भेव?"

"त्याची जागा दुसरी. आत, बदामाएवढी."

"ते बी बिमार हाय?"

"हो."

तिचे ओठ फाटले होते, मी ओला कापूस लावू शकत नव्हते. मग म्हणाली, "म्हणजे मी भेकड नाई ना? काल त्या डॉक्टर काकूसमोर ओरडली तं."

मी म्हटलं, "नाई. तू भेकड नाईस."

मी तिची माफी मागितली. सगळं नीट शब्दांत मागितली, इंजेक्शनला नेलं नाही, माझी चूक. तिला कळलं. तिनं मला काही म्हटलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, ते मी मनानं लावून तुला सांगणार नाही. माझ्याकडे पाहत राहिली आणि मान भिंतीकडे वळवली.

मग तुझ्याबद्दल विचारलं. आई निघाली का. म्हटलं, निघाली, उद्या सकाळी पोहोचते. "खिडकीपाशी जागा भेटली का तिले?" मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं, भेटली. ती म्हणाली, "आई आली का मले जागी करजो. मी झोपली असन तं."

संध्याकाळी पुन्हा झटके सुरू झाले. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं, त्यानंतर ती बोलली नाही. पहाटे साडेपाचनंतर श्वास लांबत गेला. पाच पन्नासला थांबला. तुझी गाडी सव्वानऊला वर्ध्याला लागली. बाबा फलाटावर गेले, मी तिच्याजवळ बसले. तू दारातून आत आलीस, तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, मोनाली, आई आली. तू पाहिलंस आणि विचारलंस, काय पुटपुटतेस? मी म्हटलं, काही नाही.

बाबांचा गुडघा अजून भरला नाही, पट्टी एक दिवसाआड बदलायची.

रक्षा